दुसऱ्या क्लॅरिनेटच्या रिकाम्या जागा

आन्केने हात वर केला, झालं ते एवढंच. नोव्हेंबरातला शनिवार, सकाळचे अकरा, जर्मनीतल्या आखनच्या युनिव्हर्सिटीतलं एक जुनं सभागृह, बावीस पोरापोरींचा हौशी ऑर्केस्ट्रा, आणि त्यात दुसरी क्लॅरिनेट वाजवणारी, एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी आन्के. तिने हात वर केला आणि इथली माणसं विचारतात तसं, आवाज न चढवता विचारलं, की माझ्या पानावर तिसऱ्या टाक्टमध्ये मध्येच रिकामी जागा आहे, पाचव्यात आहे, सहाव्यात तर दोनदा आहे, हे बरोबर आहे का? टाक्ट म्हणजे नोटेशनमधला एकेक खण. "अशा जागी कुणी श्वास घेत नाही," ती म्हणाली. "उचकी लागल्यासारखं होतं." दोघंतिघं हसली. समोर काठी घेऊन ऑर्केस्ट्राला ताल देणारा टॉर्स्टनही हसला, आणि त्याने शेवटच्या रांगेत मांडीवर फाइल घेऊन बसलेल्या अनयकडे पाहिलं. "आल्झो, तर मग अनय, तू लिहिलंयस. तूच सांग." अनयने सांगायला तोंड उघडलं. ते तसंच आहे, मूळ चालच तशी आहे, असं त्याला म्हणायचं होतं, आणि त्याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. 'मूळ चालच' इथपर्यंत तो आला आणि पुढचा शब्द काही निघेना. सभागृहातला हीटर टकटक करत होता. आन्के हात खाली घेऊन वाट बघत होती. अनयने मांडीवरची फाइल उघडून ते पान काढलं.

कारण त्या रिकाम्या जागा चालीत नव्हत्याच. ही चाल एका जुन्या जपानी व्हिडिओ गेममधल्या, विजा चमकणाऱ्या लेव्हलची. त्या काळच्या यंत्राला एका वेळी जेमतेम तीन सूर झेपायचे: एक वरचा, एक दुसरा आणि एक खाली धरून ठेवलेला खर्ज. खेळातल्या माणसाने उडी मारली की 'टुईं' असा आवाज व्हायचा, आणि तो वाजवायला चौथा सूर कुठून आणणार? म्हणून यंत्र क्षणभर दुसऱ्या सुराचं तोंड दाबायचं, उडी वाजवायचं आणि मग त्याला सोडायचं. म्हणजे दुसऱ्या सुरातली प्रत्येक रिकामी जागा ही कुणीतरी मारलेली एक उडी. ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असं नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना तो हेच शिकवायचा. पण ही चाल जिच्यावरून लिहून काढली ती कॅसेट त्याने तेराव्या वर्षापासून इतक्यांदा ऐकली होती, की त्या उड्या त्याच्या लेखी चालीचाच भाग होऊन बसल्या होत्या. कॉम्प्युटरने 'टुईं' तेवढे गाळून दिले आणि याने खाली राहिलेली भोकं अगदी प्रामाणिकपणे, सुवाच्य अक्षरात, विराम म्हणून उतरवली. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. आणि तरीही शब्द अडला होता तो चुकीमुळे नव्हे. सोळाव्या टाक्टनंतर त्या पानावर एकही रिकामी जागा नव्हती. हे पान त्याने तीन महिन्यांत शंभरदा पाहिलं होतं, प्रिंट काढली होती, टॉर्स्टनच्या टेबलावर नेऊन ठेवली होती, आणि ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. किंवा त्याने येऊ दिली नव्हती.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. टॉर्स्टनला चूक कुणाची यात रस नव्हता, दुरुस्ती कधी होणार यात होता. मूळ चाल करणारा नामेकावा दोनच्या गाडीने कोलोनहून येणार, तीनला पुन्हा प्रोबे म्हणजे तालीम, उद्या संध्याकाळी कार्यक्रम. "कॅसेटवर हीच चाल पुढे पुन्हा असेल ना? त्या फेरीवरून भरून टाक." पुढे पुन्हा आहे, अनय म्हणाला. "गेनाऊ, बरोबर. मग अर्ध्या तासाचं काम." अर्ध्या तासाचंही नव्हतं. तीनचार मिनिटं कॅसेट पुढे ऐकायची, बस. ती तीनचार मिनिटं अनयने आजवर कधी ऐकली नव्हती. कॅसेट पहिल्या मिनिटानंतर बंद करायची हे त्याच्या बोटाला न सांगता कळायचं.

बाहेर पाऊस नव्हता, पण हवा ओली होती. एलिझेनब्रुनेन या कारंज्यापाशी गरम झऱ्याच्या पाण्याला गंधकाचा वास येतो, नासक्या अंड्याचा. पुण्याहून येणारं प्रत्येक नवं पोर पहिल्या आठवड्यात तिथे नाक मुरडतं, दुसऱ्या आठवड्यात विसरून जातं. अनयला चार वर्षांत तो वास आला नव्हता, आज आला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ताई. पुण्यात पाच वाजून गेले असणार, लायब्ररीतून घरी येऊन तिने चहा टाकला असेल. टाकला असेल म्हणजे आईने. ताईला गॅसजवळ जायची परवानगी नाही, तीस वर्षांची झाली तरी.

"काय रे, बेडूककाका आले का तुझे?"

"दोनला येतायत."

"मग त्यांना सांग, पुण्यात एक मुलगी होती, तिच्याएवढं त्या विजांच्या लेव्हलमध्ये लांब कुणी गेलं नव्हतं. त्यांच्या जपानातसुद्धा नसेल. सांगशील ना? का तिथेही मूग गिळून बसशील?"

"सांगतो."

"आणि वाजवताना फोन उंच धर. मागच्या वेळेसारखा खिशात ठेवू नकोस, नुसती तुझी चड्डी घासल्याचा आवाज येतो." ती हसली. मग तिच्या नेहमीच्या सवयीने, बोलता बोलता, भाजीत मीठ घालावं तसं ते वाक्य टाकलं. "कसं असतं बघ. मला त्या दिवसाचं काही म्हणजे काही आठवत नाही. तू होतास म्हणून बरं." हे वाक्य ती वर्षातून पाचसात वेळा म्हणायची. पाहुण्यांना सांगायची, डॉक्टरांना सांगायची, तो जर्मनीला निघताना एअरपोर्टवर रडतानाही तिने हेच सांगितलं होतं. अनयने नेहमीप्रमाणे 'हं' केलं आणि बस आली म्हणून फोन ठेवला. बस आली नव्हती.

बेडूककाका हे नाव ताईनेच ठेवलेलं. खेळ पूर्ण झाला की पडद्यावर तो करणाऱ्यांची नावं यायची, पण खरी नाहीत. त्या कंपन्यांची तशी रीतच होती. माणसाचं खरं नाव कळलं तर दुसरी कंपनी पळवेल, म्हणून सगळ्यांनी टोपणनावं घ्यायची. संगीतापुढे लिहिलेलं असायचं, एस. फ्रॉग. शिगेओ नामेकावा असं त्याचं पूर्ण नाव आहे, हे कळायला अनयला आखनला यावं लागलं. कार्यक्रमाच्या पत्रकासाठी त्याची माहिती अनयनेच जमवली होती, त्यामुळे त्या माणसाचं आयुष्य त्याला आता तोंडपाठ होतं. समुद्रकाठच्या एका लहान गावातला, शाळेत बाजाच्या पेटीसारखा पायाने भाता मारायचा ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचा मुलगा. चौऱ्याऐंशी साली खेळण्यांच्या कंपनीत लागला, तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत. नोटेशन लिहायची सोय नव्हती. सूर म्हणजे आकडे, एकेक आकडा टाइप करायचा. पाच वर्षांत चौदा खेळ, एकावर नाव नाही. त्याच्या आईने मरेपर्यंत मुलगा हिशेबनीस आहे असंच गावात सांगितलं, कारण दाखवायला काही नव्हतं. मग सीडी आली, खेळांत खरेखुरे व्हायोलिनवाले वाजवायला लागले, आणि तीन सुरांत अख्खं रान उभं करणाऱ्या माणसाची किंमत एका दिवसात उतरली. त्याला दारं उघडण्याचे, नाणी पडण्याचे आवाज करायला बसवलं. नंतर त्याने तीही नोकरी सोडली आणि लिफ्टचे, मायक्रोवेव्हचे, रस्ता ओलांडायच्या सिग्नलचे आवाज केले. जपानात रोज लाखो माणसं त्याचं काहीतरी ऐकतात आणि कुणाला पत्ता नाही. युरोपातल्या चार वेड्यांनी त्याला शोधून काढलं तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. आखनच्या भिंतींवर लागलेलं पोस्टर हे त्याचं खरं नाव छापलेलं पहिलं पोस्टर. अनयला वाचताना भरून आलं होतं. एक ओळ मात्र त्याने पत्रकातून गाळली होती, कारण नसताना. कुठल्याशा मुलाखतीत नामेकावा म्हणाला होता, की साहेबांनी मला पहिल्याच दिवशी एकच गोष्ट सांगितली: खेळणाऱ्याला वेळ गेलेला कळता कामा नये.

इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी चिटपाखरू नसतं. अनयने आवाज न येणाऱ्या खोलीचा जाड दरवाजा लावून घेतला, कॅसेट लावली, हेडफोन चढवला. ही कॅसेट म्हणजे मूळ हिंदी गाण्यांची, वर बाबांच्या अक्षरात 'संमिश्र' लिहिलेलं, त्यावर तेरा वर्षांच्या मुलाने काट मारलेली. खेळाची ही जुनी आवृत्ती दुसरीकडे कुठेच सापडत नव्हती, इंटरनेटवर होती ती नंतरची, तिच्यात विजांच्या लेव्हलची चाल बदललेली. पद्माकरमामा बोटीवर होता, त्याने सिंगापूरहून आणलेल्या शंभर-खेळ-एकात अशा कार्ट्रिजमध्येच ती होती. टॉर्स्टनने अनयची कॅसेट ऐकली तेव्हा त्याने अनयला मिठीच मारली होती. चाल सुरू झाली. पहिली फेरी, अठ्ठेचाळीस सेकंद. टुईं, टुईं. ताई उड्या मारतेय. तिची उडी ओळखू यायची, खड्डा यायच्या जरा आधीच मारायची, धीर नसायचा. टुईं, जरा थांबून टुईंटुईं. पंधरावा टाक्ट, सोळावा. पुढे टुईं नाही, फेरी संपली. अनयचं बोट बटणावर गेलं आणि त्याने ते दुसऱ्या हाताने धरलं.

ब्याण्णव सालचा मे महिना. दुपारी तीन. ताईची दहावी झालेली, निकाल लागायचा, म्हणून खेळायला मोकळीक. आई बाहेर पापड वाळत घातलेल्या गच्चीवर. खोलीचे पडदे ओढलेले, टीव्हीवर ऊन पडतं म्हणून. ताई जमिनीवर मांडी घालून टीव्हीच्या अगदी जवळ, आणि अनय तिच्याकडे पाठ करून, पलंगाला टेकून, मांडीवर टू-इन-वन. त्याने स्वतःच्या अकलेने टीव्हीतून वायर काढून थेट टेपमध्ये घातली होती, म्हणजे पंख्याचा, रस्त्यावरचा, माणसांचा आवाज येऊ नये. म्हणून त्या कॅसेटवर घरातला एकही आवाज नाही. ऐकायला कानावर मामाचे मोठे हेडफोन. आणि चाल इतकी सुंदर, पण ताई मेली सारखी उड्या मारतेय आणि मधला सूर तुटतोय. म्हणून तो मागे न बघताच ओरडला, "ताई, थोडा वेळ उडी मारू नकोस ना, मला अख्खं गाणं हवंय." आणि उड्या थांबल्या. लगेच थांबल्या. एरवी त्याचं एक अक्षर न ऐकणारी ताई थांबली. दुसरा सूर अखंड वाहायला लागला, वरच्या सुराच्या हातात हात घालून, आणि अनयला इतका आनंद झाला की त्याने डोळे मिटले. फिरणाऱ्या टेपवर हात ठेवून बसला तो. फेरी संपली, दुसरी लागली. संपते कुठे आणि सुरू कुठे होते ते कळतच नव्हतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, ताई किती चांगली आहे. आपण म्हटलं म्हणून बिचारी खेळ सोडून नुसती बसलीय. पडद्यावर विजा चमकत असणार, त्यांचा उजेड समोरच्या भिंतीवर पांढरा, काळा, पांढरा, काळा होत होता, आणि त्या उजेडात भिंतीवर ताईची सावली होती का नव्हती, हे त्याला पुढे कितीही आठवून आठवलं नाही. मग चाल एकदम जलद झाली. खेळातला वेळ संपत आला की ती तशी धावायला लागते. आणि मग माणूस मेल्याची ती घसरत खाली येणारी छोटी सुरावट. आता सगळं बिघडलं म्हणून अनय वैतागून वळला आणि म्हणाला, "अगं, मेलीस ना."

त्या वाक्यापुढचं त्याला सगळं आठवतं, आणि सांगायला त्याने तेवढंच ठेवलंय. फरशीवर आडवी ताई, ओठाशी फेस आणि रक्त, जीभ चावली गेलेली, डोळे पांढरे. तो धावला, आईला हाक मारली, पाणी आणलं. हे सगळं खरं आहे. संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, तूच होतास ना तिथे? नीट आठवून सांग. किती वेळ चालू होतं?" तेव्हा तो म्हणाला, "अर्धा मिनिट. मी लगेच उठलो." डॉक्टरांनी लिहून घेतलं. अर्धा मिनिट म्हणजे काही नाही, उन्हाचं, जागरणाचं, टीव्हीचं, पुन्हा येणारही नाही; तपासण्या, गोळ्या कशाला मागे लावायच्या, मुलीची जात आहे. बाबांचा जीव भांड्यात पडला. आईने खेळ उचलून माळ्यावर टाकला आणि घरात फिट हा शब्द बंद झाला. मामालासुद्धा चक्कर आली असंच कळवलं. अकरा महिन्यांनी ताई दूध तापवत असताना तिला दुसरी आली. डावा हात भाजून कोपरापर्यंत गेला, म्हणजे आहे, पण बोटं मिटत नाहीत. त्या वेळचे मोठे डॉक्टर बाबांवर उखडले, गोळ्या वर्षापूर्वीच सुरू व्हायला हव्या होत्या म्हणाले. बाबा म्हणाले, पहिली वेळ अर्धा मिनिटच होती हो. अनय तेव्हा दाराशी उभा होता. सांगायला ती चांगली वेळ होती. पण तो दाराशी उभा राहिला, आणि मग बारावी झाला, इंजिनियर झाला, जर्मनीला आला. ध्वनीत डॉक्टरेट करायची कल्पना कुठून सुचली, असं इथल्या प्रोफेसरांनी विचारलं तेव्हा त्याने लहानपणापासून कान चांगला आहे असं सांगितलं. आता त्या चांगल्या कानांनी तो ऐकत होता. एकही टुईं नाही. इतकी अखंड, इतकी सुरेख चाल, आणि ती वाजत असताना पाठीमागे एक मुलगी फरशीवर टाचा घासत असणार, आणि त्यातलं या कॅसेटवर काही नाही. त्याने पेन्सिल उचलली आणि भराभर नवं पान लिहून काढलं, सहा टाक्ट, सात भोकं बुजवली.

नामेकावा पावणेतीनलाच सभागृहात आला. बुटका, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. स्टेशनवरून टॉर्स्टनबरोबर चालत आला होता आणि झऱ्याचा वास येताच थांबून त्याने म्हणे दोनदा पोटभर श्वास घेतला; त्याच्या गावालाही असेच गरम झरे आहेत. इंग्रजी शब्द जपून, एकेक मांडत बोलायचा. सगळ्यांना वाकून नमस्कार करत तो खुर्च्यांमधून हिंडला आणि आन्केच्या स्टँडपाशी येऊन उभा राहिला. तिथे सकाळचं जुनं पान तसंच होतं. नवं पान अनयच्या हातात होतं, तो ते पुढे करणार एवढ्यात नामेकावाने जुन्यावर बोट ठेवलं आणि ओळीवरून हळूहळू सरकवत नेलं. रिकामी जागा आली की बोट थांबायचं.

"हे मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"सॉरी. माझी चूक झाली. खेळताना रेकॉर्ड केलं होतं. हे बरोबर पान."

नामेकावाने नवं पान घेतलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "उड्या आहेत या," तो म्हणाला. "इथे पहिला खड्डा. हा माणूस लवकर उडी मारतो. धीर नाही. पण हात चांगला. इथे दोन पाठोपाठ, ही जागा फार कुणाला जमायची नाही." वीस वर्षांनी कुणीतरी त्याचा खेळ खेळताना तो बघत होता. बोट सोळाव्या टाक्टशी आलं, पुढे गेलं, आणि परत मागे आलं. "इथे थांबला. इथे तर उभं राहण्यासारखं काही नाही. चहा प्यायला उठला?"

"ती," अनय म्हणाला. "माझी बहीण. तिला फिट आली होती." इंग्रजीत म्हटल्यामुळे असेल, पण ते सहज म्हणून झालं. चौदा वर्षं घरात बंद असलेला शब्द परक्या सभागृहात, व्हायोलिनं जुळवायच्या कलकलाटात पडला आणि कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नामेकावाने बोट उचललं नाही. "तू कुठे होतास?"

"तिच्याकडे पाठ होती. रेकॉर्ड करत होतो."

"यानंतर चाल किती वेळा फिरली?"

"ही अर्धी. मग तीन पूर्ण."

"जलद झाली?"

"हो. शेवटपर्यंत."

नामेकावाने डोळे मिटले. ओठ हलत होते, आकडे टाइप करणाऱ्याचे असतात तसे. "चोवीस," तो म्हणाला, "अधिक तीन वेळा अठ्ठेचाळीस, अधिक वीस. तीन मिनिटं आठ सेकंद." त्याने कोटाचं गळ्याशी असलेलं बटण सोडलं. "मी चाल केली की अंडं उकडत ठेवायचो आणि चाल लावून बसायचो. पाणी आटून अंडं फुटेपर्यंत मला अंड्याची आठवण झाली नाही, तर चाल पास. ही त्यातली सगळ्यात चांगली. दोन भांडी जळली." त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "अशी पत्रं यायची कंपनीला. आईबापांची. आम्हाला तळघरात दाखवत नसत. नोकरी सोडताना मी एक पेटी बघितली." त्याने जुनं पान स्टँडवर सरळ केलं, अनयच्या हातातलं नवं पान घेऊन त्याच्या शेजारी लावलं. "हे माझं. हे तिचं. कुठलं वाजवायचं ते मी सांगणार नाही. तिथे तू होतास."

तिथे तू होतास. ताईचं वाक्य, तिच्या तोंडात ते किती वेगळं वाटायचं. अनयच्या मनात आलं, नवं पान लावावं आणि संपवावं. सात भोकं बुजली की जगात या गोष्टीचा पुरावा म्हणून काही उरणार नाही, कॅसेट तर झिजलीच आहे. उद्या टाळ्या पडतील, ताई फोनवर ऐकून खूश होईल, पुढच्या राखीपौर्णिमेला पुन्हा म्हणेल तू होतास म्हणून बरं. अशी अजून तीस वर्षं सहज जातील. वेळ गेलेला कळणारसुद्धा नाही. त्याला एकदम धडकी भरली. त्याने टॉर्स्टनला जाऊन सांगितलं, की पहिली फेरी जुन्या पानावरून, मग तीनदा पूर्ण नव्यावरून, मग जलद, वीस सेकंद, आणि मध्ये कुठेही थांबायचं नाही. टॉर्स्टनने भुवया उंचावून नामेकावाकडे पाहिलं. नामेकावाने मान हलवली. मग अनय मागच्या भिंतीपाशी गेला आणि त्याने कॉलिंग कार्डचा लांबलचक नंबर दाबून पुण्याला फोन लावला.

"अरे, आज? उद्या ना होतं?" पाठीमागे आईच्या टीव्हीचा आवाज येत होता.

"आज ऐक. तालीम आहे. ताई, शेवटपर्यंत ऐक हं, ठेवू नकोस."

"ठेवतेय कशाला? आई, जरा बारीक कर गं. हं, लाव."

टॉर्स्टनची काठी खाली आली. अनयने फोन उंच धरला, पण पूर्ण हात लांब करून नव्हे, कानापासून एक वीत. चाल सुरू झाली आणि आन्केला तिसऱ्या टाक्टला उचकी लागली. पाचव्याला, सहाव्याला. फोनमध्ये ताई खुदकन हसल्यासारखी वाटली. "अय्या, माझ्या उड्या," ती म्हणाली. "ही दगडावरची. आता डबल येणार." डबल आली. तिसेक वर्षांच्या बाईचा श्वास फोनमध्ये सोळा वर्षांच्या मुलीसारखा भरभर यायला लागला होता. पंधरावा. सोळावा. मग दुसरा सूर अखंड वाहायला लागला, बासऱ्या वर गेल्या, सभागृहातली उंच जुनी खिडकी त्या सुरांनी हलकी हादरली. नोव्हेंबरात जर्मनीत साडेतीनलाच अंधारून यायला लागतं, कुणीतरी मधले दिवे लावले.

"इथे तू म्हणालास," ताई फोनमध्ये म्हणाली, "उडी मारू नकोस."

अनयचा हात खाली आला. "तुला आठवतंय?"

"एवढंच आत्ता आठवलं. पुढचं नाही." ती थांबली. "पुढे काय झालं रे?"

त्याने फोन पुन्हा वर धरला. चाल उत्तर देत होती. फेरी संपली, कुठे संपली ते कुणाला कळलं नाही, आणि पुन्हा लागली. ताई आता हसत नव्हती. खेळणारी मुलगी होती ती, विजांच्या लेव्हलमध्ये सगळ्यांत लांब गेलेली. न मारलेली एकेक उडी तिला ऐकू येत असणार. दुसरी फेरी. फोनमध्ये टीव्ही पूर्ण बंद झाल्याचा आवाज आला, आईने काहीतरी विचारल्याचा, आणि ताईने तिला गप्प केल्याचा. तिसरी. पहिल्या रांगेत नामेकावा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता, आणि त्याची पिशवी शेजारच्या खुर्चीवरून खाली घसरली तरी त्याने ती उचलली नाही. मग चाल जलद झाली. व्हायोलिनं धावायला लागली, आन्के धावायला लागली, टॉर्स्टनचे केस कपाळावर आले. ती घसरत खाली येणारी छोटी सुरावट आली आणि सगळं थांबलं. हीटर टकटक करत होता.

"अनय," ताई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण त्याने तो आधी कधी ऐकला नव्हता. "एवढा वेळ?"

"तीन मिनिटं आठ सेकंद."

"आणि तू? एवढा वेळ तू काय करत होतास?"

त्याने डोळे मिटले नाहीत. समोर आन्के जुनं पान स्टँडवरून काढून घडी घालत होती.

"ऐकत होतो, ताई," तो म्हणाला.